ऑनलाइन अभ्यासात भाग घेताय? चॅटबॉट उघडण्याआधी हे वाचा

परदेशातल्या एका विद्यापीठाच्या अभ्यासात मला प्रश्न आला होता: शेतीबद्दल घरात झालेला असा एक निर्णय सांगा, ज्याची नंतर चुटपुट लागली. मी मराठीत मनापासून लिहिलं. मृगबाग न धरता कांदेबाग धरली, थंडीत निसवण लांबली, आणि माल तयार झाला तेव्हा भाव बसलेला. इंग्रजी करायचा कंटाळा आला म्हणून ते चॅटबॉटला दिलं. त्यानं झकास इंग्रजी करून दिलं, मी न वाचता चिकटवलं. चार दिवसांनी निरोप आला, काम नामंजूर, उत्तर प्रश्नाला धरून नाही.

संध्याकाळी दीर शेतातून आले तेव्हा त्यांना ते इंग्रजी दाखवलं. वाचून म्हणाले, "वहिनी, आपण हरणं कधी पाळली? आणि कांदा कोणत्या वावरात लावला?"

मृगबागेचं झालं होतं हरणांचं उद्यान आणि कांदेबागेचं कांद्याचं शेत. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, दोन्ही केळीच. जून-जुलैत लावली ती मृगबाग, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावली ती कांदेबाग. आणि निसवण म्हणजे केळीचा घड बाहेर पडणं.

तेव्हापासून आतापर्यंत बरेच अभ्यास भरले. मी चोपड्याला गणिताच्या शिकवण्या घेते, दुपारी दोन तास मोकळे असतात, त्यात हे करते. आता शिकवणीतली मोठी मुलं, त्यांच्या बहिणी, अमळनेरच्या माझ्या मैत्रिणी सगळ्या विचारतात की हे करायचं कसं आणि "चॅटजीपीटीला विचारलं तर चालतं का?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

## १. आधी खरा अभ्यास आहे का ते बघा

ऑनलाइन संशोधन म्हणजे मानसशास्त्र, अर्थशास्त्र, शेती, भाषा, आरोग्य अशा विषयांचे अभ्यासक लोकांना प्रश्न विचारतात किंवा पडद्यावर छोटे प्रयोग करायला लावतात. अशी माणसं मिळवून देणारे मंच आहेत. अ‍ॅमेझॉनचा मेकॅनिकल टर्क २००५ पासून आहे, प्रॉलिफिक २०१४ पासून. त्या पहिल्याच्या नावाची गंमत आहे. अठराव्या शतकात युरोपात बुद्धिबळ खेळणारं याच नावाचं एक यंत्र फिरवत असत, आणि आत खरं तर माणूस लपलेला असे. आज उलटं झालंय, माणसाच्या खात्याआड यंत्र बसतंय. हा सगळा लेख त्यावरच आहे.

कोणत्या देशातल्या लोकांना प्रवेश आहे हे प्रत्येक मंचावर वेगळं असतं आणि बदलत राहतं. तुमचं खातं उघडत नसेल तर परदेशातल्या मामेभावाचं खातं किंवा व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) वापरू नका. पकडलं की जमलेले पैसेही जातात.

खऱ्या अभ्यासात पहिलं पान संमतिपत्राचं असतं. संशोधक कोण, संस्था कोणती, नैतिकता समितीनं मान्यता दिली का, किती मिनिटं लागतील, मोबदला किती, माहिती कुठे ठेवणार, आणि मधेच सोडून जाता येईल का, हे तिथे लिहिलेलं हवं. भारतात वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. समजावून घेतलेली संमती आणि केव्हाही बाहेर पडण्याचा हक्क हे त्यातलं मूळ आहे.

टेलिग्रामवरचा "व्हिडिओ लाइक करा, रोज पैसे कमवा" हा प्रकार अभ्यास नव्हे. आधी दोनशे रुपये देतात, मग "प्रीपेड टास्क" म्हणून तुमच्याकडूनच मागतात. आमच्या गल्लीत एकाचे अठरा हजार गेले. अभ्यासात भाग घेणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

## २. हाताशी काय ठेवायचं

- स्वतःचा ईमेल, घरच्या सगळ्यांचा मिळून एक नको.
- मोबाइल चालतो, पण टाइप करायचं काम असेल तर लॅपटॉप बरा.
- पॅन कार्ड आणि पॅनवर आहे त्याच नावाचं बँक खातं. परदेशी पैसे पेपालवरून येणार असतील तर दोन्ही लागतात.
- मराठी कीबोर्ड किंवा बोलून टाइप करायची सोय.
- एक साधी वही. अभ्यासाचं नाव, तारीख, किती मिनिटं लागली, काम पूर्ण झाल्यावर शेवटी मिळालेला कोड.

आधार क्रमांक, ओटीपी, एटीएमचा पिन कोणत्याही अभ्यासाला लागत नाही. मंचावर खातं उघडताना ओळखपत्राची पडताळणी होऊ शकते, ती वेगळी. एखाद्या प्रश्नावलीत मधेच आधारचा फोटो मागितला तर तिथेच थांबा.

वहीचं महत्त्व लाइट जाते तेव्हा कळतं. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारी पारा पंचेचाळिशीला जातो आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. कुठवर आलो होतो ते लिहिलेलं असलं की संशोधकाला नीट कळवता येतं.

## ३. संमतिपत्रात एआयचं वाक्य शोधा

बहुतेक जण "मी सहमत आहे" वर टिचकी मारून पुढे जातात. मीही तेच करायची. आता आधी एकच गोष्ट शोधते: चॅटबॉटबद्दल काही लिहिलंय का.

"एआय साधनं वापरू नका" असं स्पष्ट असेल तर विषय संपला. भाषांतरालाही नाही. इंग्रजी झेपत नसेल तर तो अभ्यास सोडा, दुसरा मिळेल. "या अभ्यासात तुम्ही चॅटबॉटसोबत काम कराल" असं असेल तर त्यांनी दिलेलाच चॅटबॉट वापरायचा, त्याबद्दल पुढे सहाव्या पायरीत. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर? लोक म्हणतात, मग मोकळीक आहे. मला तसं वाटत नाही. शिकवणीत मी परीक्षा घेते तेव्हा "शेजाऱ्याचं बघू नका" असं फळ्यावर लिहीत नाही, तरी ते सगळ्यांना माहीत असतं. मौन असेल तिथे माझा नियम असा: प्रश्न समजून घ्यायला यंत्र, उत्तर द्यायला मी. आणि शंका असेल तर संशोधकाला निरोप टाकून विचारायचं.

## ४. प्रश्न समजत नसेल तेव्हा

इथे चॅटबॉटचा खरा उपयोग आहे, आणि इथेच तो गुपचूप फसवतो.

एका अभ्यासात प्रश्न होता की तुमच्या "हाउसहोल्ड"मध्ये किती माणसं आहेत. चॅटबॉटनं सांगितलं, म्हणजे कुटुंब. मी मोजली नऊ. त्यात सुरतला कापड गिरणीत असलेला चुलतदीर आणि त्याची बायको आले, कारण आमच्यासाठी ते कुटुंबच. पुढचे सगळे प्रश्न महिन्याच्या किराण्याचे. नऊ माणसांचा किराणा एवढा कमी कसा, असं त्या संशोधकाला वाटलं असणार. सर्वेक्षणात या शब्दाचा अर्थ साधारणपणे एका चुलीवर जेवणारी, एकत्र राहणारी माणसं असा असतो. आमच्या चुलीवर सात जण जेवतात. "चूल" हा शब्द आपल्या आजीला माहीत होता, यंत्रानं "कुटुंब" दिलं.

म्हणून विचारायची पद्धत बदला. आख्खा प्रश्न चिकटवून "याचं उत्तर काय देऊ" असं कधीच नाही. असं विचारा: "सर्वेक्षणात हा शब्द वापरतात तेव्हा त्याचा नेमका अर्थ काय? सोप्या मराठीत सांग. उत्तर सुचवू नकोस." शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसेल तर तो आगाऊ मुलासारखा उत्तरही सांगून टाकतो, आणि एकदा ऐकलं की ते डोक्यातून जात नाही.

दुसरा सापळा पर्यायांचा. "पूर्ण सहमत, काहीसा सहमत, सहमतही नाही असहमतही नाही..." अशी पाच-सात पायऱ्यांची शिडी असते. संशोधकांनी त्यातले शब्द बरेचदा पारखून ठेवलेले असतात. चॅटबॉट एकदा "काहीसा", पुढच्या पानावर त्याच शब्दाला "बऱ्यापैकी" म्हणतो. तुम्ही दोन पानांवर दोन वेगळ्या शिड्या चढता. एकदाच अर्थ विचारून वहीत लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तोच धरा.

फोटो काढून आख्खा पडदा चॅटबॉटला देऊ नका. प्रश्नावली संशोधकाची असते, कधी कधी अप्रकाशित आणि गोपनीय. शिवाय वर तुमचा सहभागी क्रमांक दिसतो. आणि आजारपण, कर्ज, घरातली भांडणं यांबद्दलची तुमची उत्तरं चॅटबॉटच्या कंपनीकडे द्यायला तुम्ही कोणतीही संमती दिलेली नाही. अनेक चॅटबॉट गप्पा पुढच्या प्रशिक्षणाला वापरतात. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं, पण कितीजण करतात?

## ५. मोकळ्या प्रश्नाचं उत्तर तुमचंच हवं

"तुमच्या शब्दांत सांगा" असा रिकामा चौकोन आला की हात चॅटबॉटकडे जातो. हे फक्त आपल्याकडे नाही. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल संस्थेतल्या संशोधकांनी मेकॅनिकल टर्कवर वैद्यकीय निबंधांचे सारांश लिहून घेतले. त्यांचा अंदाज निघाला की ३३ ते ४६ टक्के कामात भाषा मॉडेलचा (चॅटबॉट ज्यावर चालतो त्या यंत्राचा) हात होता. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अभ्यासात सहभागींनाच विचारलं, तर साधारण एक तृतीयांश लोकांनी कबूल केलं की मोकळी उत्तरं लिहायला त्यांनी एआयची मदत घेतलीय. कारण बहुतेकांचं साधं होतं: मनातलं नीट शब्दांत मांडता येत नाही. कुणी लबाडी करायला बसलेलं नसतं.

मला ते पटलं होतं, जोवर मी पलीकडची बाजू पाहिली नव्हती. माझी भाची जळगावला एम.ए. करते. तिच्या प्रबंधासाठी तिनं गुगल फॉर्म फिरवला. त्यात एक प्रश्न होता, उन्हाळ्यात तुमच्या घरात दुपारी काय बदलतं? उत्तरं आली ६१. ती माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आली, "मावशी, हे वाच." अकरा उत्तरांची सुरुवात एकसारखी: "उन्हाळा हा ऋतू आपल्या दैनंदिन जीवनावर अनेक प्रकारे परिणाम करतो." पुढे भरपूर पाणी पिणे, हलके सुती कपडे, कुटुंबासोबत दर्जेदार वेळ. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी दर्जेदार वेळ कोण घालवतं?

आणि मग एक उत्तर होतं, शुद्धलेखनाच्या डझनभर चुका असलेलं. दुपारी ओलं गोणपाट खिडकीला लावतो, आजी पलंग सोडून फरशीवर निजते, म्हैस आत ओसरीत बांधतो म्हणून वास येतो पण काय करणार, "ऊन भू तपी ऱ्हायनं" (आमच्या अहिराणी बोलीत, ऊन फार तापतंय). भाचीनं ते चार ओळींचं उत्तर प्रबंधात जसंच्या तसं घेतलं. ती अकरा तिनं वेगळी काढून ठेवली. त्यातली काही कदाचित खरोखर माणसांनी लिहिली असतील, पण ओळखायची कशी?

वरच्या अमेरिकी अभ्यासातही हेच दिसलं, यंत्राची उत्तरं एकमेकांसारखी आणि जरा गोडगोड असतात. आपल्या मनातला राग, लाज, विक्षिप्तपणा त्यात घासून जातो. संशोधकाला हवं असतं ते नेमकं तेच.

लिहायला जमत नसेल तर हे करा:

- बोलून टाइप करा. शेजारणीला सांगताय असं समजा.
- दोन वाक्यं पुरतात. किमान अक्षरं दिली असतील तर एक प्रसंग सांगा, शब्द आपोआप भरतात.
- मराठी चालत असेल तर मराठीच लिहा. अहिराणी शब्द आला तर तो ठेवा, पुढे अर्थ लिहा.
- इंग्रजीच हवं असेल तर मोडकं लिहा. व्याकरणाचे गुण कुणी देत नाही.
- भाषांतराला परवानगी असेल तर इंग्रजी परत मराठीत करून बघा. हरणं निघाली तर तिथेच कळेल.

## ६. अभ्यासातच चॅटबॉट असेल तर

हल्ली असे अभ्यास वाढलेत. चॅटबॉट मुलाखत घेतो, किंवा त्याच्याशी वाद घालायला लावतात, किंवा त्याच्या मदतीनं निबंध लिहायला सांगतात आणि तुम्ही त्याचं किती ऐकता ते मोजतात. इथे यंत्र वापरणं हेच काम. मात्र दुसऱ्या खिडकीत स्वतःचा चॅटबॉट उघडून त्याची उत्तरं या चॅटबॉटला देऊ नका. एका मुलानं तसं केलं आणि मला कौतुकानं दाखवलं. दोन यंत्रं एकमेकांचे आभार मानत बसली होती.

मुलाखत घेणारा चॅटबॉट फार आपुलकीनं विचारतो. बोलता बोलता आपण नणंदेचं नाव, गाव, तिचा घटस्फोट सगळं सांगून जातो. संमती तुम्ही दिलीय, नणंदेनं नाही. "एक नातेवाईक" पुरे.

आणि तो चुकीचं ठामपणे बोलला तर "हो हो" करू नका. कधी कधी तो मुद्दाम चुकवलेला असतो, तुम्हाला खटकतं का ते बघायला.

## ७. संशय कशावरून येतो

हे चोरी लपवायला सांगत नाहीये. प्रामाणिक माणूसही यात अडकतो, म्हणून माहीत हवं.

चौकोनात मजकूर टाइप झाला की एकदम चिकटवला, हे नोंदवलं जातं. काही ठिकाणी कळ दाबल्याची वेळ नोंदतात, काही ठिकाणी चिकटवणंच बंद असतं. प्रश्नात पानाच्याच रंगाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अक्षरांत सूचना लपवलेली असते, उदाहरणार्थ "उत्तरात टरबूज हा शब्द घाल". माणसाला ती दिसत नाही, पण प्रश्न उचलून यंत्राला दिला की तीही जाते आणि उत्तरात टरबूज येतं. लांबलचक उत्तर वीस सेकंदांत आलं तर तेही दिसतं. शिवाय "या ओळीत पूर्ण असहमत निवडा" असे लक्ष तपासणारे प्रश्न जुनेच आहेत.

ते जुने प्रश्न आता पुरत नाहीत. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या शॉन वेस्टवुड यांनी २०२५ मध्ये दाखवून दिलं की आपोआप सर्वेक्षण भरणारं यंत्र अशा ९९.८ टक्के तपासण्या पार करतं. त्यामुळे संशोधक धास्तावलेत, आणि तपासणी कडक झालीय. वाळलेल्याबरोबर ओलंही जळतं.

आपल्यासाठी धोक्याची सवय एकच: नेट जाईल या भीतीनं उत्तर आधी मोबाइलच्या नोंदवहीत लिहायचं आणि मग चिकटवायचं. पलीकडून ते थेट चॅटबॉटसारखं दिसतं. लांब उत्तर असेल तर कागदावर मुद्दे काढा आणि चौकोनातच टाइप करा. नाइलाजानं चिकटवलंच तर शेवटच्या "काही सांगायचंय का" या चौकोनात एक ओळ लिहा.

## ८. वापरला असेल तर सांगून टाका

अनेक अभ्यास शेवटी विचारतात, तुम्ही एआय वापरलात का? प्रामाणिक उत्तर दिलं तरी मोबदला मिळेल असं बहुधा तिथेच लिहिलेलं असतं. खरं सांगा. त्यांना तुमचं उत्तर वेगळ्या रकान्यात टाकता येतं. लपवलेलं उत्तर सगळ्यांत मिसळतं आणि निघत नाही. विचारलं नाही तरी मी अशी ओळ टाकते:

"माझी मातृभाषा मराठी आहे. प्रश्न क्रमांक ४ मधला एक शब्द समजण्यासाठी चॅटबॉट वापरला. सर्व उत्तरं माझी स्वतःची आहेत."

या ओळीमुळे माझं एकही काम अजून नाकारलं गेलेलं नाही.

## ९. नामंजूर झालं तर

चिडून लिहू नका. मंचाच्या निरोपपेटीतूनच लिहा, संशोधकाला वैयक्तिक ईमेल शोधून पाठवू नका. सहभागी क्रमांक, तारीख, काय झालं ते चार ओळींत. चूक तुमची असेल तर तसं म्हणा आणि काम मागे घेण्याची तयारी दाखवा. बऱ्याच ठिकाणी स्वतःहून मागे घेतलेलं काम नामंजुरीत धरत नाहीत, आणि नामंजुरी वाढल्या की पुढचे चांगले अभ्यास दिसेनासे होतात. आठवड्यात उत्तर नाही आलं तर मंचाच्या मदत विभागाकडे जा.

पैसे आले की वहीत लिहा. रक्कम लहान असली तरी उत्पन्नच आहे, विवरणपत्र भरणाऱ्यानं ती दाखवायची.

मी माझ्या हरणांबद्दल लिहिलं होतं ते असं: भाषांतर यंत्राचं होतं, मी तपासलं नाही, ही माझी चूक. मृग हे इथे पावसाच्या नक्षत्राचं नाव आहे आणि दोन्ही बागा केळीच्या. सोबत मूळ मराठी उत्तर जोडलं. तीन दिवसांनी मंजुरी आली आणि खाली एक प्रश्न: समजलं, पण मग भाव कशामुळे पडला? मी तो मोठ्यानं वाचला आणि दीर जे सांगायला बसले ते रात्रीच्या जेवणापर्यंत. त्या चौकोनात पाचशेच अक्षरं मावत होती.